कप दाखवा

दिवाळीच्या आधीचा शनिवार, पगाराचा दिवस. रक्कम एक हजार आठशे वीस रुपये. केबिनमध्ये हजर चौघं: मालक, चेकर, मामा आणि मी. बाहेर पगारासाठी थांबलेले बाकीचे विणकर होते, पण दार लोटलेलं होतं, म्हणून त्यांना हजर धरत नाही.

तिथवर गोष्ट कशी आली ते आधी सांगतो.

सोलापुरात चादरींच्या एका कारखान्यात मी मुनीम आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ‘अकाउंटंट’ असतं, पण आवारात मला सगळे मुनीमच म्हणतात. दोन पाळ्यांत मिळून आमच्याकडे बावीस विणकर. त्यात मामा सर्वांत जुने. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. ते नक्की कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नाही. मालकही त्यांना मामाच म्हणतात. मालक वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान. वडील गेल्यावर कारखाना त्यांच्याकडे आला.

आमच्या धंद्यात ‘सेकंड’ हा शब्द रोजचा. चादरीत दोष निघाला, तार तुटलेली राहिली, नक्षी सरकली, तर चेकर तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारतो. ती चादर सेकंड झाली. ती मागच्या खोलीत जाते आणि कमी भावात विकली जाते. विणकराच्या मजुरीतून तिच्यामागे वीस रुपये कापले जातात. हा नियम जुना आहे आणि त्याबद्दल कधी कोणी तक्रार केली नव्हती. माल खराब झाला तर मजुरी कमी, हे विणकरांनाही मान्य होतं.

चार महिन्यांपासून मात्र सेकंड वाढल्या होत्या. चेकरकडून दर शनिवारी आकडे येत, त्याप्रमाणे मी कापत असे. मी एकदा त्याला विचारलं. तो वळसंगचा, रोज मोटरसायकलवर ये-जा करणारा तरणा मुलगा. “सूत बाद येतंय,” म्हणाला. सुताबद्दल सगळेच तसं बोलत होते, त्यामुळे मला ते पटलं.

खंडेनवमीला मागांची पूजा होते आणि माग बंद असतात. दरवर्षी नारळ, पेढे आणि सुट्टी. या वर्षी मालकांनी सगळ्यांना सिनेमाला नेलं. दुपारचा खेळ, मधल्या सुट्टीत समोसा आणि चहा, सगळा खर्च त्यांचा. सिनेमा विनोदी होता. त्याचं नाव सांगायची गरज नाही, गोष्ट सांगतो.

एक हॉटेलमालक असतो. रोज सकाळी गल्ल्याला उदबत्ती ओवाळणारा, बोलायला गोड. त्याच्या ड्रॉवरमध्ये कान तुटलेला एक कप असतो. महिनाअखेरीला तो एकेका वेटरला आत बोलावतो, तो कप टेबलावर ठेवतो आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणतो, “हा तुझ्या हातून फुटला.” कपाचे पैसे कापतो. वेटर बाहेर गेला की कप पुन्हा ड्रॉवरमध्ये, आणि पुढचा वेटर आत. प्रत्येकाला वाटतं, आपल्याच हातात खोट आहे. एक जाडा वेटर तर घरी ट्रेवर उशा रचून चालायचा सराव करतो. मग एकदा दोन वेटरांची जुंपते. एक म्हणतो, तो कप मी फोडला; दुसरा म्हणतो, तुझी काय बिशाद, कान माझ्याकडून तुटलाय. तिथं थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आमचे मालक तर गुडघ्यावर थापा मारून हसत होते. त्यांना त्यात स्वतःचं काही दिसलं नसावं, असं मला आजही वाटतं.

शेवटी कपाचं बिंग फुटतं. हॉटेलमालक रडतो, वेटरांच्या गळ्यात पडतो, गाणं लागतं, सगळ्यांना नवे कपडे आणि मिठाईचे खोके मिळतात, आणि सिनेमा संपतो.

मी शेवटपर्यंत एकाच गोष्टीची वाट बघत होतो. सहा वेटर, किमान दोन वर्षं, दर महिन्याला कपाचे पैसे. माझ्या डोक्यात आपोआप गुणाकार चालला होता. ते पैसे कधी परत मिळाले हे त्यांनी दाखवलंच नाही. बाहेर येताना मी मामांना तसं म्हणालो.

“सिनेमा हाय तो सायेब,” मामा म्हणाले. “गाण्यात कुटं हिशेब असतोय?”

पुढच्या शनिवारी पगार वाटताना मामांच्या नावावर सात सेकंड होत्या. एकशेचाळीस रुपये वजा. मी आकडा वाचला. मामांनी सही करायला पेन घेतलं, मग थांबले आणि शेजारी उभ्या असलेल्या चेकरकडे बघून म्हणाले, “सात व्हय? बरं. कप दाखवा की.”

रांगेतून हसू आलं.

“ड्रॉवर उघडा ओ, ड्रॉवर.”

“कान कुणाकडनं तुटलाय बघू तरी.”

“माझाच हाय तो. लांब हो तू.”

हसणं वाढत गेलं. चेकर हसला नाही. त्याची मान खाली गेली, कानापर्यंत लाल झाला. ते मी पाहिलं आणि मला पहिल्यांदा बरं वाटेना. खोट्या आरोपावर माणूस चिडतो. हा चिडला नव्हता.

मालक केबिनमधून बाहेर आले. “काय चाललंय?”

मामांनीच उत्तर दिलं. “काय न्हाय मालक. सिनेमा लई चांगला व्हता, तेच बोलतोय.”

मालकांनी मामांकडे पाहिलं, चेकरकडे पाहिलं आणि मला आत बोलावलं.

“काका, मी चोर आहे का?”

“तसं कोणी म्हणालं नाही.”

“सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्याच पैशानं सिनेमा बघून मलाच.” ते खुर्चीत बसले नाहीत. “पुढच्या शनिवारी मामांनी सगळ्यांसमोर माफी मागावी. नाही मागितली तर त्यांचा हिशेब तयार ठेवा.”

आमच्याकडे ‘हिशेब तयार ठेवा’ म्हणजे माणसाला काढायचं. मामांना अठ्ठावन्न पूर्ण झालेली. शहरात कितीतरी कारखाने बंद पडलेत. या वयात दुसरा कोणी त्यांच्या हाती माग देणार नव्हता, हे मालकांना, मला आणि मामांना सारखंच माहीत होतं.

तो आठवडा वाईट गेला. माग चालू असले की आमच्याकडे माणसं ओरडून बोलतात, एरवी त्या खडखडाटावरही कोणाची तरी चेष्टा ऐकू येते. त्या आठवड्यात नुसता मागांचाच आवाज होता. चेकर आवाराच्या टोकाला मोटरसायकलवर बसून एकटा डबा खात असे. मंगळवारी पाण्याच्या टाकीवर कोणीतरी खडूनं कप काढला, कान तुटलेला. मालकांनी तो पुसायला लावला. बुधवारी सकाळी तिथंच दुसरा कप होता, थोडा मोठा.

मी मामांना टाकीपाशी गाठलं. “मागून टाका माफी. दोन शब्दांचं काम आहे. पोटावर कशाला येऊ देता?”

“मागतो की,” मामा म्हणाले. “कशाबद्दल मागू, तेवढं लिहून द्या.”

मी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

त्याच दिवशी ऑफिसातल्या माणसांना दिवाळीची भेट वाटली. दरवर्षी आम्हाला दुकानांसाठी पॅक केलेल्या मालातली एक चादर मिळते, खोक्यात, वर सोनेरी पट्टी. संध्याकाळी बायकोनं ती उघडली. पाहुण्यांच्या पलंगावर टाकून बघू म्हणाली. घडी मोडताना तिचा हात कोपऱ्यात अडला.

“हे काय आहे?”

घडीच्या आत, शिवणीत, लाल दोऱ्याची गाठ होती. कोणीतरी दोरा ओढून काढायला गेलं होतं, पण गाठ तशीच राहून गेलेली.

मी ट्यूबच्या उजेडात चादर धरली. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. सुलट बाजू पाहिली, उलट पाहिली, पुन्हा सुलट. एक तार कमी नव्हती. नक्षी जिथल्या तिथं होती. चादर चांगली होती आणि तिला सेकंडची गाठ होती आणि ती फर्स्टच्या खोक्यात होती. काठावर विणकराचा नंबर पेनानं घातलेला असतो. नंबर नऊ. मामांचा नंबर चौदा. माझ्या घरी आलेली चादर मामांचीच निघाली असती तर तो सिनेमा झाला असता.

बायकोला सेकंड म्हणजे काय ते माहीत आहे. मामांचं मी तिला आधीच सांगितलं होतं. तिनं चादर गोळा केली. मग नवी चादर म्हणून ती नेहमीप्रमाणे धुवायला घेऊन निघाली आणि मोरीच्या दारात थांबली.

“भिजवली तर दोरा सुटेल,” ती म्हणाली. “भिजवू का ठेवू, तेवढं सांगा.”

घराच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. मुलगी पुण्याला शिकते. हे तिला सांगायची गरज नव्हती, हप्ता कधी जातो हे माझ्यापेक्षा तिच्या जास्त लक्षात असतं.

“ठेव,” मी म्हणालो.

“मग डबल पिशवीत घालून न्या. पाऊस यायचं चिन्ह आहे.”

शुक्रवारी काहीतरी कारण काढून चेकरकडून मागच्या खोलीची किल्ली घेतली. बावीस जणांच्या मिळून चार महिन्यांत अठराशे त्र्याहत्तर सेकंड धरल्या गेल्या होत्या. कापलेले पैसे सदतीस हजार चारशे साठ. विक्रीची बिलं मीच करतो, त्यामुळे सेकंड म्हणून चारशेसुद्धा गेल्या नाहीत हे मला पाठ होतं. म्हणजे खोली छतापर्यंत भरलेली पाहिजे होती. आत एका रॅकवर साठ-सत्तर चादरी होत्या आणि खाली उंदरांनी कुरतडलेली पुठ्ठ्याची खोकी. चेकर दारात उभा होता. किल्ली परत घेताना एवढंच म्हणाला, “उद्या मला पण आत बसायचं हाय का काका?”

“बसावं लागेल.”

आता शनिवार.

मालक टेबलामागे, चेकर भिंतीला टेकून, मामा दाराजवळ उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. माझ्या मांडीवर पिशवी.

“मामांचा हिशेब तयार आहे?” मालकांनी मला विचारलं.

“नाही.”

“का?”

“चार महिन्यांत त्यांच्या एक्क्याण्णव सेकंड धरल्यात. एक हजार आठशे वीस रुपये. त्या एक्क्याण्णव चादरी दाखवा, मी लगेच हिशेब करतो.”

मालकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्हीपण कप मागताय काका?”

“मी चादरी मागतोय.”

मग पिशवीतून चादर काढून टेबलावर ठेवली. कोपरा वर केला. गाठ दाखवली. खोक्याची सोनेरी पट्टी बायकोनं जपून ठेवली होती, तीही शेजारी ठेवली.

मालकांनी गाठीवरून अंगठा फिरवला. “पॅकिंगमध्ये चूक झाली असेल. एखादी सेकंड गेली फर्स्टमध्ये.”

“दोष कुठं आहे तो दाखवा.”

त्यांनी चादर उलगडली. अर्धी टेबलावर, अर्धी खाली. चांगला कारखानदार आहे तो माणूस, दोष असता तर नजरेतून सुटला नसता. त्यांनी दोन वेळा पाहिली. बाहेर कोणीतरी खोकलं.

“ही सेकंड असेल तर आपण गिऱ्हाइकाला फसवलं,” मी म्हणालो. “फर्स्ट असेल तर विणकराला. दोन्हीतलं एक तरी धरावं लागेल. हिशेबात तिसरा रकाना नाही.”

“काका, सुताचे भाव तुम्हाला माहीत आहेत. बाहेरगावचा स्वस्त माल सोलापुरी म्हणून आपल्याच स्टेशनसमोर विकला जातो. मी कुठून वाचवायचं?”

“ते मला सांगता येणार नाही. पण वाचवलेल्याला सेकंड म्हणता येणार नाही.”

तेवढ्यात चेकर बोलला. भिंतीकडे बघूनच. “मला शंभरात आठ निघाल्याच पाहिजेत म्हणून सांगितलं व्हतं. तेवढ्या निघत न्हाईत मालक. मग मी दोरा बांधत गेलो. कुणाला बांधायचा ते पण मीच ठरवायचो, आज ह्याला, उद्या त्याला. पॅकिंगच्या बायका दोरा काढून टाकतात.” मग म्हणाला, “मामांचं सूत कधी तुटत न्हाई. म्हणून त्यांना जरा जास्त बांधल्या. त्यांचे पैसे बरे पडतात, त्यांना सोसतंय असं वाटलं.”

मालक त्याच्यावर ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडला. उघडला आणि तसेच थांबले, कारण आम्ही तिघंही त्या ड्रॉवरकडे बघत होतो. मग आतून पाकीट काढून पाचशेच्या चार नोटा टेबलावर, चादरीच्या कडेला ठेवल्या.

“मामा, दिवाळी आहे. हे दोन हजार. बक्षीस समजा. माफी-बिफी राहू द्या. विषय संपला.”

मामा जागचे हलले नाहीत. “बक्षीस पुजेला देता की मालक, तवा घेतो. ही मजुरी हाय.”

“अहो, पैसे तेच ना?”

“तेच कसे? एकशेऐंशी जास्त हाईत.”

मालकांचा चेहरा आक्रसला. “जास्त दिले तरी तक्रार?”

“बक्षीस म्हटलं की माझ्या सेकंड खऱ्या ठरतात,” मामा म्हणाले. “तुमी दया केली असं हुतं. इतकी वर्षं विणतोय. माझी चादर बाद नव्हती, एवढं लिहा. मग सोमवारी येऊ नगं म्हणा, तरी चालंल.”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सरळ म्हटलं, पण हात मागं दाराच्या कडीवर होता.

मी व्हाउचरचं पुस्तक पुढं ओढलं. रक्कम लिहिली, एक हजार आठशे वीस. ‘कशाबद्दल’ या जागी ‘कापलेली मजुरी परत’ असं लिहिलं आणि सहीसाठी मालकांसमोर सरकवलं.

त्यांनी ते वाचलं. “हे असं लिहिलं तर बाकीचे एकवीस जण उद्या दारात उभे राहतील.”

“ते आत्ताच दारात आहेत,” मी म्हणालो.

पेन हातात घेऊन ते बराच वेळ बसले. मला त्या वेळात माझ्या हप्त्याची तारीख आठवत होती, हे लपवत नाही. त्यांनी सही केली. मग मामांकडे न बघता विचारलं, “आणि ते कपाचं?”

“ते सिनेमातलं हाय मालक. तुमीच दाखवलात.”

मालक हसले नाहीत. “सोमवारी पहिल्या पाळीला या,” म्हणाले.

मामांनी नोटा मोजून घेतल्या, एकशेऐंशी रुपये सुटे काढून टेबलावर ठेवले, व्हाउचरवर सही केली. वाचून केली. निघताना त्यांनी दार पूर्ण उघडलं.

मालकांनी चादरीचा काठ उलटा करून नंबर पाहिला. “नऊ कोण?”

“दुसऱ्या पाळीचा. बाहेर उभा आहे.”

“त्याला हिचे वीस द्या. ही एक माझ्यासमोर आहे.” ते उठले. “बाकीच्या दाखवा, मग बघू.”

बाकीच्या दाखवता येणार नाहीत. त्या कुठल्या कुठल्या गावांत लोकांच्या पलंगांवर आहेत. त्या शनिवारपासून लाल गाठ मारली की ती चादर विणकराला दाखवायची, आणि पगार होईपर्यंत ती खोलीतून हलवायची नाही, असं मी ठरवलं. चेकरनं ते पाळलं आहे, आणि मालकांनी मोडलेलं नाही. टाकीवरचा दुसरा कप पुसायला मात्र कोणी सांगितलं नाही. तो आपोआप पुसट होत गेला. आधी कापलेल्यापैकी पस्तीस हजार सहाशे वीस रुपये उरलेत, खऱ्या सेकंडचे सोडून बाकी देणं आहे. त्याबद्दल मी मालकांना महिन्याच्या महिन्याला विचारतो, आणि ते दरवेळी ऐकून घेतात.

त्या दिवशी दिलेली रक्कम अशी. मामांना एक हजार आठशे वीस रुपये, कापलेली मजुरी परत म्हणून. नऊ नंबरच्या विणकराला वीस रुपये, त्याच शब्दांत. त्यानं नोट हातात घेऊन विचारलं, “हे कसले?” मी त्याला चादरीचा कोपरा दाखवला.